मदत हवी आहे: युरोपातले इन्स्टंट पेमेंटचे नवे नियम आणि न जुळणारी नावं

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला असतो, हिशेब आणि जीएसटीची कामं करतो. चुलतभावाचं लिस्बनला किराणा दुकान आहे. तिथल्या पगारांची आणि बिलांची यादी मी इथून करून पाठवतो, पैसे तो सोडतो. हल्ली यादी गेली की तासाभरात त्याचा फोन ठरलेला: "अरे, बँक परत नाव जुळत नाही म्हणते!"

मला कळलं ते असं. युरोपीय संघाचा २०२४/८८६ क्रमांकाचा नियम ८ एप्रिल २०२४ ला अमलात आला. युरो चलन असलेल्या देशांतल्या बँकांनी ९ जानेवारी २०२५ पासून इन्स्टंट पेमेंट स्वीकारायचं आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून पाठवायची सोयही द्यायची. १० सेकंदांत, रविवार असो की नाताळ, आणि साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त चार्ज न लावता. शिवाय पैसे सोडण्याआधी आयबॅन (तिकडचा खाते क्रमांक) आणि नाव जुळतंय का ते फुकट तपासून सांगायचं, साध्या ट्रान्सफरलाही.

आपल्याकडे यूपीआयमध्ये पिन टाकायच्या आधी समोरच्याचं नाव दिसतंच, त्यामुळे यात काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. पण तिथे नाव आपण लिहायचं आणि बँक फक्त निकाल देणार. दुकानातली पोरं आपलीच, गोंयची. एकजण घरात 'एन-ए-आय-के' नाईक, पण जन्मदाखल्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाचं 'एन-ए-आय-क्यू-यू-ई'. खातं अर्थात दाखल्यावरच्या नावाने. त्याच्या बाबतीत 'जवळपास जुळतं' असं आलं आणि खात्यावरचं नाव दिसलं, काम भागलं. शांतारामचं मात्र मी 'एस-एच'ने लिहिलं, खात्यावर ते 'एक्स'ने सुरू होतं, आडनावही वेगळंच. तिथे सरळ 'जुळत नाही'. मग बँक खरं नाव काही सांगत नाही.

भाऊ म्हणतो, दाब बटण, आपलाच पोरगा आहे. बटण दाबता येतं हे खरं. पण इशारा डावलून पाठवलेले पैसे भलतीकडे गेले तर बँक हात वर करणार ना? आयबॅनचा एखादा आकडा माझ्याकडूनच चुकलेला असू शकतो.

बँकेतून त्याला सुचवलंय की पगाराची एकगठ्ठा फाइल टाकत असाल तर ही तपासणी बंद करून घ्या. धंद्याच्या खात्याला हे खरंच चालतं का? आणि एका पोराचं खातं बँकेत नाही, फिनटेक अ‍ॅपवर आहे. ते म्हणतात आम्हाला २०२७ पर्यंत मुदत. मग त्याचं नाव तपासलं जाणार की नाही?

(माझी फी गोव्यात येते, तिला हा नियम लागू नाही हे माहीत आहे. त्यावर कृपया चर्चा नको.)

प्रतिसाद

चालतं. ग्राहक व्यक्ती नसून धंदा असेल तर एकगठ्ठा पेमेंटपुरती तपासणी नाकारता येते आणि हवी तेव्हा परत सुरूही करता येते. सुट्या पेमेंटला ही सवलत नाही. पण पाच-सहा पगारांसाठी कशाला बंद करता? तुमच्याच भीतीवरचं औषध आहे ते.

अ‍ॅपवाले अर्धंच सांगतायत. त्यांच्यासारख्या ई-मनी (बँक नसून अ‍ॅपवर पैसे ठेवणाऱ्या) कंपन्यांना ९ एप्रिल २०२७ ची मुदत आहे ती इन्स्टंट पेमेंटची सोय देण्यासाठी. युरो देशांत नाव तपासणीची तारीख त्यांनाही ९ ऑक्टोबर २०२५ हीच.

प्रत्येकाकडून खात्याचा कागद मागवा आणि त्यावरचं नाव जसंच्या तसं यादीत उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेलं नाव घेऊ नका.

धागाकर्ता

आभारी आहे, आजच सांगतो त्याला. कागद म्हणून स्टेटमेंटचं पहिलं पान पुरेल ना?