'सुपरक्लोन' कसली? बनावट म्हणा की सरळ!

घड्याळवेडा: परवा एकाने मनगट पुढे करून ऐटीत सांगितलं, "सबमरीनरची सुपरक्लोन आहे." सबमरीनर हे रोलेक्सचं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ. याच्या तबकडीवर रोलेक्सचा मुकुट, आत भलत्याच कारखान्याचं यंत्र. याला आपल्याकडे बनावट म्हणतात. रेप्लिका, सुपरक्लोन, फर्स्ट कॉपी ही त्याच मालावर फिरवलेली इस्त्री. (फर्स्ट कॉपी म्हणे! सेकंड कुठे ठेवलीत?)

तासकाटा: सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. इन्व्हिक्टा प्रो डायव्हर हुबेहूब सबमरीनरच्या वळणाचं, पण तबकडीवर नाव इन्व्हिक्टाचंच. ते होमाज. आणि 'क्लोन' ही काही शिवी नव्हे. सेलिटा या स्विस कंपनीचं एसडब्ल्यू२०० हे यंत्र म्हणजे ईटीए कंपनीच्या २८२४-२ ची क्लोनच. पेटंटची मुदत संपल्यावर राजरोस बनवलेली, नावाजलेल्या स्विस घड्याळांत बसणारी.

मिनिटभर: होमाज म्हणजे नक्कलच, फक्त नाव फ्रेंच.

तासकाटा: मग नक्कल कुणी कुणाची केली तेही सांगा. काचेभोवतीची फिरती कडी, काळी तबकडी, ठसठशीत खुणा हे सगळं ब्लांपें कंपनीच्या फिफ्टी फॅदम्स या घड्याळावर १९५३ मध्येच होतं.

घड्याळवेडा: होमाज सोडलं, चला. मी रेघ ओढतो ती नावावर. ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या जागतिक करारातली व्याख्याही तिथेच बोट ठेवते: नोंदणीकृत चिन्ह परवानगीशिवाय लावलं की माल बनावट. माझा राग आहे तो यंत्राच्या क्लोनची अब्रू उसनी घेऊन 'सुपरक्लोन' म्हणवणाऱ्यांवर.

जुनी_चावी: नावावर रेघ ओढली तर माझं घड्याळ कुठे बसवू? जुनं डायव्हर, 'सगळं ओरिजिनल' म्हणून घेतलेलं. केस (बाहेरचं कवच) खरी, यंत्र खरं. तबकडीवर सहाच्या खाली 'टी स्विस टी', म्हणजे खुणांच्या लेपात ट्रिटियम, अंधारात लेप उजळवणारं किरणोत्सर्गी द्रव्य. त्याचं अर्धायुष्य जेमतेम १२ वर्षं, चाळीस वर्षांत दहावा हिस्सा उरतो, म्हणजे उजेड विझत आलेला हवा. मी दिवा बंद करून टॉर्च मारला तर तबकडीवरचे ठिपके, पठ्ठे तासभर हिरवेगार पेटलेले! भिंग लावलं तर ठिपक्यांचा लेप कडेबाहेर ओघळलेला आणि 'स्विस'मधले दोन 'एस' एकमेकांना चिकटलेले. तबकडी नव्याने रंगवलेली. याला बनावट म्हणता येत नाही, अस्सल म्हणवत नाही.

तासकाटा: म्हणून तर 'रीडायल' हा शब्द लागतो. 'फ्रँकन'ही तसाच: प्रत्येक सुटा भाग खरा, पण तीन घड्याळांतून गोळा केलेला. असं घड्याळ कारखान्यातून कधी बाहेर पडलेलंच नसतं.

घड्याळवेडा: हे शब्द चालतील. ते दोष सांगतात. सुपरक्लोन दोष झाकते.

मिनिटभर: विकणाऱ्याच्या तोंडी कुठलाही शब्द झाकायलाच असतो. 'सर्व्हिस डायल' म्हणून रीडायल खपवलेलं पाहिलंय मी. सर्व्हिस डायल कंपनीने स्वतः बदलून दिलेली असते, इथे ब्रश कुणाचा ते देव जाणे.

जुनी_चावी: विकायची वेळ आली तर मी सरळ लिहीन: केस आणि यंत्र मूळ, तबकडी पुन्हा रंगवलेली, काटे बदललेले.

मिनिटभर: काटेसुद्धा? हे वर नव्हतं सांगितलंत.