मदत हवी आहे : ‘ओरलिक’ चिलखती गाडीचं पुढे काय झालं?

मंडळी, ‘झाआमुरेत्स’ या चिलखती रेल्वेगाडीने सध्या मला झपाटलंय. १९१६ साली ओडेसात बांधलेली, स्वतःच्या पेट्रोल इंजिनांवर धावणारी, वर फिरत्या बुरुजांत ५७ मिलिमीटरच्या दोन तोफा. युद्धनौकाच रुळांवर चढवली म्हणा ना! आधी रशियाच्या झारची, मग बोल्शेविकांची (म्हणजे कम्युनिस्ट क्रांतिकारकांची). १९१८ मध्ये सिंबिर्स्कला चेकोस्लोव्हाक सैनिकांनी ती पकडली, ‘ओरलिक’ (म्हणजे छोटा गरुड) नाव दिलं आणि लढत लढत सायबेरियापार थेट व्लादिवोस्तोकला नेली. पुढे ती मंचुरियात, चिनी सरदारांकडे गेली.

या शेवटच्या टप्प्यावर कुणी काही वाचलंय का? हिंदी-इंग्रजीही चालेल, फोटो असले तर फारच उत्तम. आणि हो, ऐन रशियन यादवीत सायबेरियात ही मंडळी पेट्रोल आणत कुठून होती?