'शीप रँचर'ला मेंढपाळ म्हणावं का?

प्रश्न : ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांचा धंदा उभा करणाऱ्या जॉन मॅकआर्थर यांच्या कुटुंबावर मराठीत लिहिते आहे. १७९० साली ते पत्नी एलिझाबेथ आणि लहानग्या एडवर्डसह सिडनीला उतरले. 'पायोनिअर शीप रँचर'ला मी 'आद्य मेंढपाळ' लिहिलंय, पण वाचताना अडखळायला होतं. दुसरं काय लिहावं?

उत्तर : अडखळायला होणारच. मेंढपाळ म्हणजे मेंढरांमागे चालणारा. मॅकआर्थर लष्करी अधिकारी. त्यांच्या मेंढ्या राखायचे शिक्षा भोगायला पाठवलेले कैदी. दिवसा चारून आणायच्या, रात्री लाकडी ताट्यांच्या वाड्यात कोंडायच्या. झोपडीतला गडी राखण करायचा आणि ताट्या उचलून नव्या जागी लावायचा. आपल्याकडचे धनगर मेंढ्यांभोवती वाघूर, म्हणजे जाळी, लावतात, तसंच काम. मेंढपाळ हा शब्द त्या कैद्यांसाठीच ठेवा. मॅकआर्थरांना सरळ 'मेंढ्यांचे बडे मालक' म्हणा. शिवाय 'रँच' हा अमेरिकेतला शब्द, ऑस्ट्रेलियात 'शीप स्टेशन' म्हणतात. मराठीत नुसतं 'स्टेशन' लिहिलं तर आगगाडीच आठवते, म्हणून 'शीप' गाळू नका.

उत्तर : 'स्क्वॉटर' मात्र टाळा. परवानगीशिवाय सरकारी जमिनीवर मेंढ्या घालणाऱ्यांचं ते नाव. पुढे तेच लोक गबर झाले आणि शब्दालाही प्रतिष्ठा आली. मॅकआर्थरांना जमीन सरकारनेच दिली : १७९३ मध्ये सिडनीजवळ पॅरामॅटाला १०० एकर, १८०५ मध्ये काउपाश्चर्सला ५,००० एकर.

उत्तर : एलिझाबेथबद्दल काय लिहिताय? गव्हर्नर ब्लायविरुद्धच्या बंडानंतर जॉन १८०९ ते १८१७ इंग्लंडमध्ये अडकले होते. त्या काळात कळप, मजूर, लोकर सगळं बाईंनी सांभाळलं. 'मालकीण' लिहिलंत तर वाचक 'मालकाची बायको' असा अर्थ घेईल, 'कारभारीण'चंही तेच. त्यापेक्षा क्रियापदाने काम भागवा : 'कारभार एलिझाबेथ पाहत होत्या.' हे अगदी ठळक यायला हवं.

आणि 'आद्य' काढाच. पॅरामॅटा धरुग या मूळनिवासी लोकांचं, काउपाश्चर्स धरावल या मूळनिवासी लोकांचं. १८१६ साली तिथून जवळच अ‍ॅपिनला सैनिकांनी धरावल माणसांना, बायकापोरांसकट, मारलं. 'पायोनिअर'ला 'सुरुवातीचे वसाहतकार' पुरेसं आहे.