दाढेत भरलेली पांढरी लापशी नेमकं काय करते?

ठणका_थांबला:
मंडळी, खालच्या दाढेच्या रूट कॅनालची पहिली बैठक परवा झाली. डॉक्टर तासभर बारीक सुया फिरवत होते आणि मधूनमधून पोहण्याच्या तलावासारखा वास येणारं पाणी सोडत होते. शेवटी पिचकारीने पांढरी लापशी आत भरली, वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. मी अँटिबायोटिक मागितलं तर "गरज नाही" म्हणाले. मग ती लापशीच अँटिबायोटिक आहे का? ठणका त्याच रात्री थांबला, त्यामुळे दुसरी बैठक महिनाभर ढकलावी म्हणते. काल जेवताना सिमेंटचा टवका उडाला, तेही सांगून टाकते.

बत्तीशी:
शेवटून सुरुवात करतो, कारण तुम्ही शेवटी जे सहज सांगितलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आजच दवाखान्यात फोन करा. तात्पुरतं सिमेंट निदान ३-४ मिलिमीटर जाड राहिलं पाहिजे. ते उडालं की लाळ झिरपते आणि लाळेबरोबर जंतू परत आत.

लापशी बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. म्हणजे विरलेला चुनाच, फक्त दवाखान्यासाठी शुद्ध केलेला. (कृपा करून कोणी घरी प्रयोग करू नका.) हेरमान यांनी १९२० साली तो दंतवैद्यकात आणला. तो अँटिबायोटिक नाही. त्याचा पीएच १२.५ च्या आसपास असतो आणि एवढ्या अल्कलीत बहुतेक जंतूंचं आवरण आणि प्रथिनं टिकत नाहीत. पण हे काम संथ चालतं. दाताचा आतला थर, डेंटिन, त्या अल्कलीचा जोर हळूहळू मारतो. म्हणून औषध दिवसांच्या हिशेबाने ठेवावं लागतं, तासांच्या नाही. महिना ढकलू नका. ठणका गेला म्हणजे आतला दाब उतरला, जंतू गेले असं नाही.

आता गोळ्यांबद्दल. नस मेली की दाताच्या आत रक्त पोचत नाही, मग गोळीतलं औषध जाणार कुठल्या वाटेने? सूज पसरत असेल, ताप असेल तर गोष्ट वेगळी.

आणि तलावाचा वास म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. खरा पैलवान तोच. मेलेली नस विरघळवणं त्याला जमतं, चुन्याला तितकं नाही. चुना ही नंतरची राखण. लोक मात्र "आत काय औषध भरलं" एवढंच विचारतात, किती धुतलं ते कोणी विचारत नाही.

इंटर्न_अजून:
सर, एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू चुन्याला दाद देत नाही असं शिकवतात. मग २ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक का नको?

बत्तीशी:
बरोबर शिकवतात. तो जंतू पंपाने प्रोटॉन (आम्लाचे कण) आत ओढून अल्कलीचा परिणाम मारतो आणि डेंटिनच्या नळ्यांत दडून बसतो. दुसऱ्यांदा रूट कॅनाल करावा लागतो त्या दातांत तो बऱ्याचदा सापडतो, तिथे क्लोरहेक्सिडीनचा विचार मीही करतो. पण ते मेलेली नस विरघळवत नाही, आणि हायपोक्लोराइटवर थेट सोडलं तर नारिंगी-तपकिरी साका बसतो. मी नवखा असताना हा पराक्रम केलाय. पुढचा अर्धा तास तो गाळ खरवडण्यात गेला. मध्ये सलाइनने धुवायचं, विसरायचं नाही.

करडा_दात:
माझ्या पुढच्या दातात तीन अँटिबायोटिकची पेस्ट भरली होती. दुखणं गेलं, दात करडा झाला.

बत्तीशी:
सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन असणार. रंग मिनोसायक्लिनचा. जंतूंवर पेस्ट जोरदार आहे, मुळाचं टोक अजून उघडं असलेल्या लहान मुलांच्या दातात तिचा उपयोगही होतो. पण पुढच्या दातात मी मिनोसायक्लिन वगळतो. दात आतून ब्लीच करता येतो, डॉक्टरांना विचारा. रंग किती उतरेल याचा शब्द मात्र कोणी देणार नाही.

ठणका_थांबला:
फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. थोडक्यात डॉक्टरांनी मला चुना लावला आणि मी आभार मानून घरी आले!

बत्तीशी:
लावला त्यांनी, काढतीलही तेच. तोवर त्या बाजूने चावू नका.