व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर निदर्शक खरंच थुंकले होते का?

न्यूजर्सीकर_शिरीष:
मंडळी, इथे इतिहास वाचणारे बरेच आहेत म्हणून विचारतोय. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकू येते, की पोरं तिकडे वर्षभर मरणाच्या दारात राहून परत आली आणि सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्टवर हिप्पी पोरी त्यांच्या अंगावर थुंकल्या, 'बेबी किलर' म्हणून ओरडल्या. आमच्या शेजारचे आजोबा १९६९ मध्ये परत आलेले, तेही हेच सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज कापतो. माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकते, ती म्हणते बाबा हे मिथ आहे, यावर एका प्रोफेसरचं अख्खं पुस्तक आहे. मला दोघांपैकी कुणालाच खोटं पाडायचं नाहीये, पण नेमकं काय झालं होतं ते समजून घ्यायचंय. कुणी यावर नीट वाचलंय का?

केदार_पुणे:
शिरीषराव, मुलगी म्हणतेय ते पुस्तक बहुतेक जेरी लेम्बकी यांचं असणार, 'द स्पिटिंग इमेज', १९९८ चं. आधी हे सांगतो की लेम्बकी स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेले आहेत, तिथे सैन्यातल्या पाद्रीचे सहायक होते आणि नंतर मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे, त्यामुळे युद्ध न बघता सैनिकांवर बोलणारा हा माणूस नाही. त्यांचा मुद्दा असा की युद्ध चालू असतानाच्या काळातला याचा ठोस पुरावा मिळत नाही, ना फोटो, ना पोलिसांत तक्रार. आणि विचार करा, जंगलातून लढून आलेला वीस वर्षांचा पोरगा, त्याच्या तोंडावर कुणी थुंकलं तर तो गप्प निघून जाईल का, तिथेच मारामारी झाली असती आणि पेपरात आली असती.

दुसरं म्हणजे १९७१ मध्ये हॅरिस या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं परतलेल्या सैनिकांचा पोल घेतला होता, त्यात ९९ टक्के लोकांनी सांगितलं की घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी आपलं चांगलं स्वागत केलं, आणि ९४ टक्के म्हणाले की युद्धावर न गेलेल्या आपल्याच वयाच्या लोकांनीही आपल्याला चांगलं वागवलं. हा पोल युद्ध चालू असतानाचा आहे, वीस वर्षांनी आठवून सांगितलेलं नाही, म्हणून मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

परत येण्याची पद्धतही बघा. बरीचशी पोरं ट्रॅव्हिस एअर फोर्स बेसवर उतरायची, तिथून बसनं ओकलंडच्या आर्मी बेसवर, तिथे स्टेकचं जेवण, नवा युनिफॉर्म, हिशोबाचे पैसे आणि मग सुट्टी. लष्करी तळावर निदर्शकांना आत कोण सोडणार? पण पुढे घरी जायला ती सिव्हिल विमान पकडायची, युनिफॉर्मवर तिकीट स्वस्त पडायचं म्हणून तोच घालून, त्यामुळे एअरपोर्टवर अशी गाठ पडणं अशक्यच होतं असं काही मी म्हणणार नाही.

सुनंदा_नाशिक:
केदार, तुझं वाचन चांगलं आहे पण एक बाजू सुटतेय. बॉब ग्रीन नावाचा शिकागो ट्रिब्यूनचा स्तंभलेखक होता, त्यानं १९८७ मध्ये आपल्या कॉलममधून माजी सैनिकांना सरळ प्रश्न विचारला की तुमच्यावर कुणी थुंकलं होतं का. हजारावर पत्रं आली, त्यातली निवडक १९८९ मध्ये पुस्तकात छापली. हो म्हणणारे कितीतरी होते, जागा, प्रसंग सगळं लिहून आणि नावानिशी. नाही म्हणणारेही होते, काहींनी तर लिहिलं की अनोळखी लोकांनी जेवणाचे पैसे भरले. ग्रीनचा निष्कर्ष मात्र असा की हे घडलं होतं.

आता ती पत्रं पंधरा-वीस वर्षांनंतरची म्हणून बाजूला ठेवली तरी युद्धाच्या काळातल्या नोंदी अगदीच नाहीत असं नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये पेंटॅगॉनवर मोर्चा गेला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या जेम्स रेस्टननं लिहिलं की काही मोर्चेकरी पुढच्या रांगेतल्या सैनिकांवर थुंकले. बरं ते सैनिक व्हिएतनामहून परतलेले नव्हते, पेंटॅगॉनच्या बंदोबस्तावर होते, पण निदर्शकांपैकी कुणी असं करूच शकत नव्हतं हा दावा तिथेच पडतो. आणि डिसेंबर १९७१ मध्ये सीबीएसच्या बातम्यांत एका माजी सैनिकानं सिएटलमध्ये आपल्यावर असा प्रकार झाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे ही तक्रार ऐंशीच्या दशकात पहिल्यांदा निघाली असंही नाही.

मला राग याचा येतो की एका म्हाताऱ्या माणसाला तोंडावर 'तुमची आठवण खोटी' म्हणणं आपल्याला किती सोपं वाटतं. पुरावा सापडला नाही याचा अर्थ घडलं नाही असा होत नाही, एअरपोर्टच्या कोपऱ्यात दहा सेकंदात झालेली गोष्ट कोण लिहून ठेवतो?

केदार_पुणे:
सुनंदाताई, 'कधीच घडलं नाही' असं लेम्बकी पण म्हणत नाहीत, नकार सिद्ध करता येत नाही हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, की हीच गोष्ट एवढ्या लोकांच्या तोंडी एकाच साच्यात कशी आली, तोच एअरपोर्ट आणि थुंकणारी बहुतेक वेळा तरुण मुलगी. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीतही सैनिकांचा असाच अपमान झाल्याच्या गोष्टी फिरत होत्या, त्यातही थुंकणाऱ्या बायका आहेत, आणि इंडोचायनात हरून आलेल्या फ्रान्समध्येही तेच. युद्ध हरल्यावर पाठीत वार कुणी केला हे शोधलं जातं आणि बोट घरातल्याच लोकांकडे वळतं. १९८२ मध्ये रॅम्बोचा पहिला सिनेमा आला, त्यात शेवटी रॅम्बो, म्हणजे व्हिएतनामहून परतलेला सैनिक, रडत रडत एअरपोर्टवरच्या थुंकणाऱ्या निदर्शकांबद्दल बोलतो. कोट्यवधी लोकांनी पाहिलेला प्रसंग आहे तो.

मेघना_ठाणे:
दोघांचं वाचलं आणि मला वाटतं खरी गोष्ट या वादात बाजूलाच पडतेय. निदर्शक एकीकडे आणि सैनिक दुसरीकडे असं चित्र आपण धरून चाललोय, पण त्या आंदोलनात पुढे कोण होतं? व्हिएतनामहून परतलेल्यांचीच युद्धविरोधी संघटना १९६७ मध्ये न्यूयॉर्कला निघाली होती. एप्रिल १९७१ मध्ये हे लोक वॉशिंग्टनला जमले, काही कुबड्यांवर, काही व्हीलचेअरवर, आणि एकेकानं माइकपाशी येऊन आपली पदकं कॅपिटॉलसमोरच्या, म्हणजे संसदभवनासमोरच्या, कुंपणापलीकडे भिरकावली. त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्यातल्याच जॉन केरीनं सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली होती. आणि लष्करी छावण्यांच्या गावांत युद्धविरोधी लोकांनी सैनिकांसाठी कॉफीहाउस काढली होती, साऊथ कॅरोलिनात कोलंबियाला, टेक्सासमध्ये किलीनला, जिथे शिपाई येऊन बसायचे, गाणी ऐकायचे, मनातलं बोलायचे. सैनिकांचा तिरस्कार करणारे लोक असं करत नाहीत. 'पोरांना घरी आणा' हीच तर त्यांची घोषणा होती, आणि 'आज किती मुलं मारलीस' ही प्रसिद्ध घोषणा द्यायचे ती राष्ट्राध्यक्ष जॉन्सनविरुद्ध, सैनिकांविरुद्ध नाही.

थुंकण्याचंच बोलायचं तर व्हिएतनामला जखमी झालेल्या रॉन कोविकचं घ्या. छातीखाली सगळं शरीर लुळं, व्हीलचेअरवर, १९७२ च्या मायामीच्या रिपब्लिकन अधिवेशनात युद्धाविरुद्ध ओरडला, तर निक्सनचा बिल्ला लावलेला एक माणूस त्याच्या तोंडावर थुंकला आणि देशद्रोही म्हणाला. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. ही थुंकी कुणाला का आठवत नाही?

आणि सैनिकांना वाऱ्यावर सोडलं ते कुणी, तर सरकारनं. मे १९७० मध्ये लाइफ मासिकानं ब्रॉन्क्सच्या सरकारी व्हेटरन्स हॉस्पिटलचे फोटो छापले, जखमी पोरं घाणीत पडलेली, वॉर्डात उंदीर. एजंट ऑरेंजनं, म्हणजे जंगलांवर फवारलेल्या विषारी रसायनानं, आजारी पडलेल्यांना किती वर्षं भांडावं लागलं. मनावरच्या जखमेला डॉक्टरांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी म्हणून जागा मिळाली १९८० मध्ये. एकेकट्यानं जायचं, वर्ष भरलं की एकेकट्यानं परत यायचं, सोबत पलटण नाही, बँड नाही. शिरीषदादा, आजोबांवर त्या दिवशी कोण काय करून गेलं मला माहीत नाही, पण आपल्याला कुणी विचारलं नाही ही त्यांची भावना शंभर टक्के खरी आहे.

फौजी_सातारा:
मेघनाताईंशी सहमत. आमचे मामा १ मराठा लाइट इन्फंट्रीत होते, श्रीलंकेत जाफन्याला लढले. १९९० च्या मार्चमध्ये तिकडे गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या तेव्हा तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी, म्हणजे करुणानिधींनी, स्वागताला जायचं नाकारलं होतं, ते लपून नाही केलं, जाहीर होतं. सुमारे बाराशे जवान गेले तिकडे, ८ महारच्या मेजर परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मामा कधी कुठल्या मोर्चाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, सरकारबद्दल मात्र बोलायचे.

न्यूजर्सीकर_शिरीष:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एकच अजून विचारतो, जर १९७१ च्या पोलमध्ये चित्र एवढं वेगळं होतं तर थुंकण्याची गोष्टच एवढी वर कशी आली?

केदार_पुणे:
१९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी. लेम्बकींचं लक्ष तेव्हाच गेलं याकडे. त्यांच्या कॉलेजातली मुलं युद्धाला विरोध करायला घाबरत होती, कारण सगळीकडे सैनिकांना पाठिंब्याची खूण म्हणून पिवळ्या फिती आणि 'सैनिकांच्या पाठीशी उभे राहा' चाललेलं, आणि विरोध केला की व्हिएतनामच्या वेळी तुम्ही सैनिकांवर थुंकलात हे ऐकावं लागायचं. युद्ध योग्य की अयोग्य हा प्रश्न मागे पडला आणि तुम्ही सैनिकांच्या बाजूचे की विरोधातले एवढंच उरलं. तेव्हा कॉलेजात असलेली ती पोरं तर व्हिएतनामच्या काळात जन्मलीही नव्हती, नाहीतर पाळण्यात होती.

सुनंदा_नाशिक:
हे मात्र मान्य, तसा वापर झाला. म्हणून ग्रीनला लिहिणारे सगळे खोटे ठरत नाहीत.