फ्रेडी नसलेली क्वीन (किंवा असाच दुसरा बँड) कुणी प्रत्यक्ष पाहिलाय का? अनुभव सांगा

सांजवात
काल माळा आवरताना दादाच्या कॅसेटचा खोका सापडला. बुटांचा खोका, झाकणावर त्याच्या अक्षरात 'हात लावू नये'. आत सगळी क्वीन. २४ नोव्हेंबर १९९१ला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला, पेपरात वाचलं आणि दादा त्या दिवशी जेवला नव्हता. आई विचारत होती, कोण गेलं रे एवढं?

मी क्वीनला जून २०२२मध्ये लंडनला ओटू सभागृहात पाहिलं. तिकिटं २०२०ची, करोनामुळे दोनदा पुढे गेली. दादाला किती विनवलं, ये म्हणून. त्याचं एकच, फ्रेडीच्या जागी दुसरा उभा राहिलेला मला बघवणार नाही.

आता गाणारा अॅडम लँबर्ट आला तेव्हा मीही हाताची घडी घालूनच होते. पण तो फ्रेडीबद्दल बोलला ते एखाद्या चाहत्यासारखं, आणि गायला स्वतःच्या गळ्याने. कुठेही नक्कल नाही. तिथे माझी घडी सुटली.

मग दिवे मंदावले. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे एकटाच रंगमंचाच्या पार पुढच्या टोकाला येऊन स्टुलावर बसला, मांडीवर साधी गिटार. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, पांढऱ्या कुरळ्या केसांचं टोपलं. 'लव्ह ऑफ माय लाइफ' सुरू केलं आणि गायलो आम्ही सगळे, हजारो मोबाइलचे दिवे वर धरून. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी पहिल्या रिंगला उचलला. शेवटी पडद्यावर फ्रेडी आला आणि उरलेलं गाणं त्याने गायलं. ब्रायन मान वर करून त्याच्याकडे बघत होता.

दादा एक शब्द बोलला नाही. चष्मा काढून बनियनच्या टोकाने पुसत होता. पुसतच होता.

तुम्ही पाहिलंय असं काही? कुठलाही बँड चालेल.

रानजाई
आई गं. ऑफिसात वाचलं, आता वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुवून आले.

कांगारूदेशी
सिडनी, १६ फेब्रुवारी २०२०. वणव्यात पोळलेल्यांसाठी मोठा कार्यक्रम होता. त्या उन्हाळ्यात आम्ही कित्येक आठवडे खिडक्या उघडल्या नव्हत्या, वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास. क्वीनने १९८५च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात जी गाणी वाजवली होती तीच वाजवली, त्याच क्रमाने. जेमतेम वीस मिनिटं. शेजारच्या बाईंचं घर जळलं होतं, त्यांनी गाणी सुरू होताना माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. नाव विचारायचं राहून गेलं. महिन्याभरात करोना आला आणि सगळंच बंद.

पाचगणीकर
फ्रेडी आमचा हो! फारूख बुलसारा. जन्म झांझिबारचा, पण लहानपणी शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. पहिला बँडही तिथेच, शाळासोबत्यांचा, 'द हेक्टिक्स'. तो तेव्हा गायचा कमी, पियानो जास्त वाजवायचा. अजून लोक लांबून शाळा बघायला येतात. धुक्यात टेबललँडवर उभं राहून त्याची गाणी ऐकून बघा एकदा. यंदा स्ट्रॉबेरी उशिरा आहे, यायचं असेल तर जानेवारीत या.

रानजाई
@पाचगणीकर, जानेवारीत येतोच आहोत, राहायला घरगुती जागा सुचवा ना. सहा माणसं, दोन लहान मुलं.

पाचगणीकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जुनी_रेकॉर्ड
मी तुमच्या दादांच्या बाजूचा. क्वीनचा बास वाजवणारा जॉन डीकन १९९७नंतर बाजूला झाला तो परत वाजवायला आला नाही. चारातले दोन उरले. त्यांना वाजवू दे, मी घरी तबकडी लावतो. मला तो आवाज तसाच कानात ठेवायचाय.

तळ्यातमळ्यात
@जुनी_रेकॉर्ड काका, आदर आहे तुमच्या म्हणण्याचा. पण एक सांगते. 'बोहेमियन रॅप्सडी'चा मधला ऑपेराचा भाग फ्रेडी असतानाही ते मंचावर गात नसत, टेप लावत. इतक्या आवाजांचे थर चार माणसं कुठून आणणार? म्हणजे थोडं न असलेल्यांचं गाणं तेव्हाही होतंच त्यात. आणि ब्रायनची ती लाल गिटार त्याने पोरवयात वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. ती अजून वाजते. मला तेवढ्यासाठीसुद्धा जायचंय.

जुनी_रेकॉर्ड
गिटारचं पटलं.

पीचट्री
अटलांटाजवळ लिनर्ड स्किनर्ड पाहिला, खूप वर्षं झाली. २० ऑक्टोबर १९७७ला विमान कोसळलं त्यात गायक रॉनी व्हॅन झँट गेला. दहा वर्षांनी बाकीचे पुन्हा उभे राहिले तेव्हा गायला त्याचा धाकटा भाऊ जॉनी. पण 'फ्री बर्ड' तो गात नसे. नुसती वाद्यं वाजायची, शब्द लोकांनी म्हणायचे. मी गेलो तोवर तो गायला लागला होता. भावाचं गाणं गळ्यात घ्यायला त्याला वेळ लागला असणार. माझा भाऊ गेल्यावर त्याची बुलेट मी तीन वर्षं सुरू केली नव्हती, म्हणून हे कळतं.

सांजवात
@पीचट्री, काय बोलू. आता चालवता का?

पीचट्री
हो ताई. सुट्टीत गावी गेलो की. पुतण्या मागे बसतो.

इसारकाठी
एसी/डीसी, म्युनिक, २०२४. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९८०च्या फेब्रुवारीत गेला आणि जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन नवा अल्बम आला, त्याच्या शोकात मुखपृष्ठ पूर्ण काळं. सुरुवातीला घंटेचे टोल. मैदानात तो टोल छातीत वाजतो. जॉन्सनचा आवाज आता थकलाय, वरचे सूर लागत नाहीत, पण माझ्यापुढचे साठीचे आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उड्या मारत होते. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

माळकरी
रॉक मला कळत नाही, मुलीने धागा दाखवला. आमच्या भजनी मंडळातले बुवा गेले त्यानंतरच्या पहिल्या एकादशीला त्यांचा अभंग आला आणि पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. कुणीच चरण उचलेना. टाळ चालू, मृदंग चालू. मग मागून बायकांनी उचलला. पीचट्री यांचं वाचून ते आठवलं.

तळ्यातमळ्यात
माळकरी काका 🙏

इसारकाठी
आले. सांजवात, त्या कॅसेट चालतात का अजून? माझ्यांना पांढरी बुरशी धरली आहे.

जुनी_रेकॉर्ड
बुरशीच्या कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालू नका, हेडला लागते. पेन्सिलीने सावकाश गुंडाळत कोरड्या मऊ कापडाने पुसायच्या. घाई केली तर फीत तुटते.

सांजवात
@जुनी_रेकॉर्ड, धन्यवाद. आत्ताच खोका घेऊन दादाकडे आलेय. धागा वाचून दाखवला. तुम्ही त्याच्या बाजूचे म्हटल्यावर हसला. आता पेन्सिल घेऊन खिडकीशी बसलाय आणि मला अजूनही हात लावू देत नाहीये.