अख्ख्या माशातून फिले किती निघतं? अंदाज हवा

गळवाला: रविवारी गळ टाकायला जातोय. बारा जण, प्रत्येकी १८० ग्रॅम फिले, म्हणजे २१६० ग्रॅम निव्वळ मांस. अख्खे मासे किती किलो लागतील? बहुतेक तांबोशीच मिळेल. सुरी घरातलीच, स्प्रिंगचा वजनकाटा आहे. नवीन काही घ्यायचं नाहीये.

शिंपला: निम्मं धरा. साडेचार किलो पुष्कळ झाले.

सुरीधार: आधी लवचीक पात्याची फिलेची सुरी घ्या! पातं मधल्या काट्यावरून सरकताना कट्-कट् आवाज आला पाहिजे. आवाज थांबला की समजा पातं मांसात शिरलं. माझ्या सुरीने काट्यावर मांस उरतच नाही.

गळवाला: दादा, सुरी घ्यायची नाही असं वर लिहिलंय.

काटेकोर: तांबोशीत निम्मं कुठून निघणार? डोकं केवढं असतं! सामनमध्ये निम्म्याहून जास्त निघतं, तिलापियात जेमतेम तिसरा हिस्सा. तांबोशीला ४० टक्के धरा, हात बसला नसेल तर ३५. २१६० भागिले ०.३५, म्हणजे साधारण ६.२ किलो.

फाटकंजाळं: वजन कधी केलंत तेही बघा. माझा मासा अख्खा ५ किलो, पोट साफ केल्यावर ४.३, फिले निघालं २ किलो. मी साफ केलेल्यावर हिशेब करून ४७ टक्के धरले आणि पुढच्या खेपेला तेच अख्ख्या वजनाला लावले. साडेतीनशे ग्रॅम कमी पडलं, घरच्या दोघांना मिळालंच नाही. अजून वाईट वाटतं.

शिंपला: म्हणून तर सांगतोय, निम्मं धरा आणि एखादा मासा जास्त आणा.

लाटावरलाट: कातडी काढू नका, तेवढंच वजन वाचतं.

सुरीधार: कातडी ठेवायची तर खवले नीट काढावे लागतात. बोथट सुरीने कातडी काढाल तर मांसही तिच्याबरोबर जाईल. म्हणून सांगतोय, सुरी घ्या.

काटेकोर: फुगीर पोटाच्या माशावर भाळू नका. गाबोळीचं वजन अख्ख्या माशात धरलं जातं, फिलेत येत नाही. एक मासा कापा, फिले तोला, मग बाकीच्यांचा अंदाज बांधा.

गळवाला: सगळ्यांचे आभार. फिले करतच नाही, काट्यासकट तुकड्या करतो. पाच किलो धरतोय.

काटेकोर: मग माणशी १८० नको, २२० धरा. काट्याचं वजन त्यातच येतं.

गळवाला: नको, १८०च. लहान मुलं चार आहेत.